बाद ठरलेल्या सतरा बॅटऱ्या

१

छपराखाली सतरा बॅटऱ्या होत्या. भिंतीकडच्या ओळीत नऊ, रस्त्याकडच्या ओळीत आठ. सगळ्या बारा व्होल्टच्या, म्हणजे प्रत्येकीत सहा सेल, एकूण एकशे दोन. बुचं अठ्ठ्याण्णव, चार कमी. प्रत्येकीच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मालकाची अक्षरं रंगवलेली, कारण चार्जिंगच्या टेबलावर बॅटऱ्यांची अदलाबदल होते आणि मग भांडणं लागतात. पंधरांची अक्षरं वाचता येत होती. दोघींची ॲसिडानं खाल्ली होती. भिंतीकडच्या ओळीत अगदी कोपऱ्यात 'ता.' अशी अक्षरं असलेली एक होती.

आत, चार्जिंगच्या टेबलामागे फळीवर बारा हत्यारं टांगलेली. पकडी, पाने, हातोडा, तारांचे चिमटे. अकरांवर खंडेनवमीच्या पूजेतला शेंदराचा ठिपका अजून होता, सुकून टणक झालेला. बारावं हत्यार म्हणजे बॅटरीतलं ॲसिड मोजायचा हायड्रोमीटर. त्याच्यावर ठिपका नव्हता.

दुकानातल्या वहीप्रमाणे दसऱ्यापासून अठरा बॅटऱ्या बाद ठरल्या होत्या. अठरावी आमच्या जीपमध्ये होती, आणि तिच्यावरच स्टार्ट होऊन आमची जीप पेडगावहून परभणीला आली होती.

ही १९८८च्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवार होता. मी बी.एस्सी. होऊन कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले होते. नामांतराच्या बंदामुळे कॉलेज शनिवारपर्यंत बंद होतं. माझे काका आप्पाराव पेडगाव ते परभणी जीप चालवतात. मला बरोबर नेताना ते एवढंच म्हणाले, "दैवशाले, तू ॲसिड मोजतीस ना कॉलेजात? चल, जरा तिथं मोज."

दुकानाचे मालक तात्याराव स्टुलावर बसले होते. काकांनी बॅटरी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ही ओळखता का तात्याराव? 'आ. पे.' म्हणजे मीच. नोव्हेंबरात तुमच्या इथं बाद झाली. टेस्टिंगला ठेवा म्हणले, ठेवली. उद्या या म्हणले, आलो. अजून चार्जिंग चालू हाय, परवा या. परवा आलो तर म्हणले, प्लेटी गेल्या, नवी घ्या. तीन दिवस जीप दारात उभी. गुमान घेतली नवी. आता आमच्या जीपवरचा लिंबाजी देवगाव फाट्याला गेलता, तर ही तिथं भजनाच्या लाऊडस्पीकरला जोडलेली. रातभर वाजली म्हणे. मागून आणली. आठ दिवस झाले, अर्ध्या सेल्फला गाडी चालू."

"भंगारात गेल्ती ती," तात्याराव म्हणाले.

"भंगार अर्ध्या सेल्फला उठत न्हाई."

तात्यारावांनी मागे वळून न बघता हाक मारली. "भुजंगा."

भुजंग आतून आला. पन्नाशीचा, हातांवर ॲसिडाचे पांढरे डाग, पँटला गुडघ्यापाशी भोकं. बावीस वर्षं या एकाच टेबलावर तो बॅटऱ्या तपासत होता.

"तक्रार घेऊन आलेले हे तिसरे," तात्याराव म्हणाले. "सोमवारी मी सगळ्यांना बोलावलंय. रंगनाथ भंगारवाल्याकडून तू काय घेतोस ते त्यांच्यासमोर सांग. न सांगशील तर तुझा पगार इथंच थांबला. पोलिसात द्यायचं का न्हाई ते हे लोक ठरवतील."

"मी काय घेत न्हाई मालक."

"मग चांगल्या बॅटऱ्या बाद कशा होतेत?"

भुजंगनं काकांच्या बॅटरीकडे बघितलं, हायड्रोमीटर घेतला, पहिल्या सेलचं बूच काढलं, ॲसिड ओढलं आणि काच डोळ्यासमोर धरली. मग ती माझ्याकडे वळवली.

"वाचा ताई. तुमीच वाचा."

मी वाचलं. बाराशे वीस. जीप जिच्यावर चालत आली होती ती बॅटरी त्या काचेत बादच होती.

२

ज्यांनी बॅटरीत कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हायड्रोमीटर म्हणजे एक काचेची नळी, वर दाबायचा रबरी फुगा, खाली रबरी तोंड. नळीच्या आत काचेचाच एक छोटा तरंगता तुकडा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. फ्लोटच्या तळाशी, काचेच्या आत, शिशाचे छर्रे लाखेनं चिकटवलेले असतात, म्हणजे तो उभा राहतो. ॲसिड जड असेल तर फ्लोट वर राहतो, हलकं असेल तर बुडतो. पाण्याला हजार धरलं तर भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड बाराशे पन्नास ते साठ. पूर्ण चार्ज करूनही बाराशे वीसच्या वर जात नसेल तर प्लेटी थकल्या, असं भुजंग मानतो. बरोबरच मानतो.

"तेवढ्यावरच बाद करता?"

"आधी टेस्टरबी लावायचो. दोन टोकांचा, काट्याचा. पोळ्याच्या टायमाला त्याची पट्टी जळली. मालक म्हणले, हायड्रोमीटर हाय की. आन मीटर खोटं बोलत न्हाई ताई. माणूस बोलंल."

"वही दाखवाल?"

त्यानं दाखवली. प्रत्येक बॅटरीचे दोन आकडे: आली तेव्हाचा आणि चार्जिंगनंतरचा. अक्षर स्वच्छ. मी जूनपासून खाली वाचत आले. चार्जिंगनंतर १२५५, १२६०, १२५०, मध्येच एखादी ११८०, बाद. पुन्हा १२५५. वीस ऑक्टोबरला १२२०. एकवीसला १२२०. चोवीसला १२२५. तिथून पुढे एकही बॅटरी १२३०च्या वर गेली नव्हती. बॅटऱ्या हळूहळू थकतात आणि प्रत्येक आपापल्या वेळेला. एका तारखेला गावातल्या सगळ्या थकत नाहीत.

"वीस ऑक्टोबरला इथं काय बदललं?"

भुजंगनं थोडा विचार केला. "काय न्हाई. मीटरची काच आली त्या दिवशी नांदेडहून. बाहेरची नळी. पूजेसाठी धुताना माझ्याच हातनं फुटली व्हती, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. तीन आठवडे मीटर न्हवता, काम बंद व्हतं. नवी नळी बसवली, झालं."

"आतला फ्लोट?"

"जुनाच. तो मिळत न्हाई सुटा."

"पाणी, ॲसिड तेच?"

"ॲसिड तेच. मीच पाणी घालून माप आणतो. डिस्टिल वॉटर दुसऱ्या माणसाकडनं घ्यायलोत दिवाळीपासनं."

मी दोन्हीचे नमुने शीशीत घेतले. तात्याराव स्टुलावरून बघत होते.

"काय करायलीस पोरी?"

"मोजतेय."

"बावीस वर्षं मी याला मोजलाय," ते म्हणाले. "दिवाळीला माझ्या स्वतःच्या गाडीची बॅटरी यानंच बाद केली. तिथं पडलीय बघ कोपऱ्यात. मी म्हणलो, भुजंग म्हणतो म्हणजे असंल. नवी टाकली."

म्हणजे कोपऱ्यातली 'ता.' ती त्यांची होती.

निघताना मी मीटर मागितला. भुजंगनं तो धुतला, फडक्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दिला.

"सोमवारी आणा ताई. न्हाई आणला तरी चालंल म्हणा. मला काय उपेग न्हाई मग त्याचा."

३

रंगनाथचं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे रेडिओदुरुस्ती, मागे भंगार. रंगनाथ चाळिशीचा, कपाळावर चष्मा. काका दारातूनच म्हणाले, "भुजंग तुला काय देतो रे?"

"चहा," रंगनाथ म्हणाला. "तोबी मी गेलो तर. बसा की आप्पाराव."

मी विचारलं, "यांची बॅटरी तुम्ही विकली?"

"भजनवाल्यांना? इकली की. मी भंगार घेतो, भंगार इकतो. दरसाल एकदा दसऱ्याला आन एकदा संक्रांत झाली की तात्यारावाचा सगळा ढीग उचलतो. औंदा फाट्यावरच्या लोकांना घाई व्हती, म्हणून डिसेंबरात एक नेली."

"कोणती न्यायची ते भुजंगनं सांगितलं?"

"भुजंग जेवायला गेल्ता. मालकाला इचारलं, ते म्हणले ने. रस्त्याकडची पहिली उचलली. कंबर धरती माझी, आत कोण वाकतंय."

"तपासली होती?"

त्यानं टेबलाखालून टेस्टर काढला. दोन टोकं, मध्ये पट्टी, वर काटा. भुजंगचा जळला तसाच. "लावला. काटा हिरव्यात. एकेक सेल हिरव्यात."

"मग ती बाद नव्हती, हे तुम्हाला डिसेंबरातच माहीत होतं."

"व्हय."

"सांगितलं का नाही?"

रंगनाथनं टेस्टर परत खाली ठेवला. "मला कुणी इचारलं? आन बाद बॅटरी चांगली निघाली, तर ढीग भंगाराच्या भावानं कोण देईल मला?"

काका बाहेर येऊन म्हणाले, "चोर सापडला."

"नाही काका. यानं न निवडता एक उचलली आणि ती चांगली निघाली. म्हणजे उरलेल्या सतरांतही चांगल्या असणार, बऱ्याच. हा गप्प बसला. पण बाद यानं केल्या नाहीत."

"मग भुजंगनं केल्या."

"त्याच्या हातांनी झाल्या."

"त्यात फरक काय?"

तोपर्यंत मला तो फरक सिद्ध करता येत नव्हता. मी काकांना विचारलं, नवी बॅटरी कुठे आहे.

"घरी. तिचं वेगळंच रडगाणं. दोन महिन्यांत क्लॅम्प हिरवे पडले, ॲसिड फसफसून वर येतंय. तीबी नेतीस का?"

"तीच आधी पाहिजे."

४

शनिवारी प्रयोगशाळेत मी एकटी होते. टेबलावर काकांची जुनी बॅटरी, नवी बॅटरी, भुजंगचा मीटर आणि कॉलेजचा हायड्रोमीटर. खोलीचं तापमान चोवीस अंश.

आधी पाणी. नव्या माणसाचं डिस्टिल वॉटर परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. विहिरीचं पाणी असतं तर दुधासारखं झालं असतं. स्वच्छ राहिलं. मीच आणलेली शंका मीच खोडली. तशीही ती तारखेत बसत नव्हती; पाणी दिवाळीला बदललं, आकडे त्याच्या आधीच पडले होते.

थंडीचा प्रश्नही तसाच. थंडीत ॲसिड जड होतं, आकडा वर जातो. इथे तो खाली आला होता.

मग जुनी बॅटरी. भुजंगच्या मीटरवर १२२०. कॉलेजच्या हायड्रोमीटरवर १२५५.

नवी बॅटरी. भुजंगच्या मीटरवर १२५०. कॉलेजच्या हायड्रोमीटरवर १२८६.

मी चारही मापं तीन-तीनदा घेतली. तीच आली.

मीटर पस्तीस-छत्तीसनं कमी दाखवत होता, हे उघड झालं. पण शुक्रवारपासून मला छळणारा प्रश्न दुसरा होता: भुजंगला ते माहीत होतं का? मीटर मुद्दाम बिघडवून चांगल्या बॅटऱ्या बाद करणं सोपं आहे. त्याचं उत्तर नव्या बॅटरीनं दिलं. नव्या बॅटऱ्या दुकानात कोरड्या येतात. ॲसिडात पाणी घालून माप भुजंग स्वतः आणतो, याच मीटरनं. मीटर खोटा आहे हे त्याला माहीत असतं, तर ॲसिड त्यानं दुसऱ्या कशानं तरी मोजून १२५० केलं असतं. त्यानं मात्र या मीटरवर १२५० येईपर्यंत ॲसिड वाढवलं आणि खरं माप १२८६वर नेलं. म्हणून क्लॅम्प हिरवे, म्हणून फसफस. बाद करताना तो जेवढा फसला तेवढाच नवी भरताना फसला. ज्यानं लबाडी करायची तो स्वतःच्या नव्या मालाची वाट लावत नाही.

तात्याराव सुटले त्यांच्याच बॅटरीनं. नवा माल खपवायला मीटर त्यांनी बिघडवला असता तर स्वतःची बॅटरी त्या ढिगात गेली नसती.

म्हणजे मीटर बिघडला होता, आणि बिघडवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

बाहेरची नळी नवी, पण नळी फक्त ॲसिड धरते, मोजतो फ्लोट. मी तो बाहेर काढला. काच कुठे तडकलेली नाही, आत ॲसिड शिरलेलं नाही, कागदाची पट्टी सरकलेली नाही. फ्लोट जास्त बुडत होता, म्हणजे जड झाला होता. हिशेब केला. पस्तीसच्या फरकाला पाव ग्रॅमहून थोडं जास्त वजन पुरतं, गव्हाचे सात-आठ दाणे. तेवढं वजन एखाद्या बंद काचेला येतं कुठून?

तळाच्या फुगीर भागात छर्रे दिसत होते आणि त्यांच्यावरची तपकिरी लाख. लाखेचा एक डाग जरा बाजूला, अंगठ्याएवढा, काळपट. उजेडात धरला तर बाकी लाखेतून उजेड थोडा जात होता, या डागातून अजिबात नाही.

मी त्यावरून नख फिरवलं. नख अडलं.

काचेच्या आत असलेली गोष्ट नखाला लागत नाही.

५

सोमवारी अकरा वाजता दुकानासमोर नऊ गिऱ्हाइकं होती. त्यातले दोन बॅटरी खांद्यावर घेऊन आले होते. काका, लिंबाजी, दाराशी रंगनाथ. भुजंग हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून आला होता. शनिवारी संध्याकाळी मी निरोप पाठवला होता, म्हणून रविवारभर त्यानं आळीपाळीनं सगळ्या सतरा चार्जिंगला लावल्या होत्या. तात्यारावांनी ते करू दिलं होतं.

"बोल पोरी," तात्याराव म्हणाले. "तू सांगतीस का तो सांगतो?"

मी आधी काकांची नवी बॅटरी दोन्ही मीटरनी मोजून दाखवली आणि नव्या मालाचं सांगितलं. गिऱ्हाइकांत कुजबुज झाली. "माझीबी फसफसायली," एक जण म्हणाला. मग मी फ्लोट काढून तात्यारावांच्या हातात दिला.

"तळाशी काळा डाग आहे. नख लावून बघा."

त्यांनी लावलं. "लाख हाय."

"लाख आत आहे. हे बाहेर आहे." मी फळीकडे वळले. "बारा हत्यारं. अकरांवर शेंदूर. मीटरवर नाही. खंडेनवमीला मीटरची पूजा केली नाही का?"

भुजंग म्हणाला, "केली की. नळी फुटली व्हती, म्हणून नुसता फ्लोट वाटीत ठिवला व्हता, फुलं घालून."

"दरवर्षी ठिपका कुठं लागतो?"

"रबरी फुग्यावर."

"या वर्षी फुगा पूजेत नव्हता. कुंकू का नाही लावत इथं?"

"ॲसिडात टिकत न्हाई. दुसऱ्या दिवशी जातं. शेंदूर टिकतो." भुजंग थांबला. त्याला पुढचं दिसलं असावं.

"मारुतीचा शेंदूर करडईच्या तेलात कालवतात," मी म्हणाले. "शेंदूर म्हणजे शिसंच, जाळलेलं. करडईच्या तेलात तो आठ-पंधरा दिवसांत दगडासारखा बसतो. नळ जोडणारे आट्यांना शेंदूर लावतात तो याच गुणासाठी. नळी यायला तीन आठवडे लागले, तेवढ्यात तो पक्का झाला. मग ॲसिडात गेला. ॲसिडात शेंदूर विरघळत नाही, फक्त काळा-तपकिरी होतो. बॅटरीच्या प्लेटीत हाच माल भरतात, रंगही तोच येतो. म्हणून सगळ्यांना लाख वाटली. त्या ठिपक्याच्या वजनानं फ्लोट पस्तीस घरं खाली बसतो. दुकानात साधं पाणी घालून तपासायची सोय नाही, कारण या मीटरची पट्टी अकराशेपासून सुरू होते. त्यामुळे कुणाला कळलं नाही."

"ठिपका लावला कुणी?" काकांनी विचारलं.

भुजंग फडक्यानं टेबल पुसायला लागला. "असंल कुणीतरी. गडबड असती त्या दिवशी."

"पूजा कोण करतं इथं?"

"गडबड असती म्हणलं ना आप्पाराव."

तात्याराव फ्लोटकडे बघत होते. त्यांनी उजवा अंगठा त्या डागावर ठेवला. डाग झाकला गेला, कडेनं काही उरलं नाही.

"मालकाच्या हातानं करायची असती पूजा," शेवटी ते म्हणाले. "मी लावला."

रंगनाथनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तू डिसेंबरात टेस्टर लावलातास म्हणे," तात्याराव त्याला म्हणाले.

"लावलाता."

"ढीग मिळायचा न्हाई तुला."

"ते कळलं," रंगनाथ म्हणाला, पण गेला नाही.

तात्यारावांनी दाढीचं ब्लेड मागवलं. काचेला ओरखडा न पडू देता डाग त्यांनी स्वतः खरवडला. दहा मिनिटं लागली. वरची कपची काळी होती, तिच्याखाली, काचेला चिकटून, पातळ नारिंगी थर अजून होता. तो सगळ्यांनी पाहिला. फ्लोट धुऊन त्यांनी नळीत घातला, रबर बसवलं आणि मीटर भुजंगपुढे धरला.

"घे. तूच माप."

"तुमी मापा मालक. नायतर या ताईंना मापू द्या. माझ्या मापावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई आता."

"गिऱ्हाइकं हायत इथं. वाचून त्यांना दाखव. पण हात तुझाच पायजे. तुझ्याशिवाय या मीटरला हात लावायचा न्हाई कुणी, मीबी न्हाई."

भुजंगनं मीटर घेतला. रस्त्याकडच्या ओळीपासून सुरुवात केली. बूच काढायचं, ॲसिड ओढायचं, काच डोळ्यासमोर, मग ज्याची बॅटरी त्याच्या डोळ्यासमोर. आकडा तो मोठ्यानं म्हणायचा, मी वहीत लिहायचे. सहाव्या बॅटरीच्या चौथ्या सेलला तो थांबला, पुन्हा ओढलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "ही खरंच गेलेली हाय. अकराशे दहा." तिचा मालक म्हणाला, "बरं झालं, एक तरी खरी गेली." पहिल्यांदाच कुणी हसलं.

दुपारी दीड वाजता कोपऱ्यात पोचलो. शेवटची 'ता.' होती. तात्याराव स्टुलावरून उठून जवळ आले, वाकले आणि प्रत्येक सेलचा आकडा त्यांनी स्वतः वाचला.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. खोलीचं तापमान सव्वीस अंश. कॉलेजच्या हायड्रोमीटरशी फरक शून्य. सतरापैकी अकरा बॅटऱ्या: सगळे सेल १२५० किंवा वर. चार: १२३० ते १२४५. एक: चौथा सेल १११०. सतरावी, अक्षर 'ता.': १२५५, १२५५, १२६०, १२५५, १२५५, १२५५.